पाय ओले झाल्यावर

आजचे वाचन : यहोशवा 3:14–17



यार्देन ओलांडण्याची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. त्यामुळे वाचताना डोळे आपोआप पुढे पळतात. लोक नदीपाशी आले, पाणी थांबलं, सगळे कोरड्या जमिनीवरून पार गेले, आमेन. आज मात्र पंधराव्या वचनापाशी जरा थांबा. हंगामाच्या दिवसांत यार्देन दुथडी भरून वाहते, असं तिथे मुद्दाम सांगितलंय. आणि कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय काठाच्या पाण्यात बुडाले, त्यानंतरच वरून येणारं पाणी थांबलं.

हा क्रम बघा. चाळीस वर्षांपूर्वी तांबड्या समुद्रापाशी क्रम उलटा होता. निर्गम 14 काढून बघा. मोशेने हात उगारला, रात्रभर पूर्वेचा वारा सुटला, समुद्र दुभंगला, वाट डोळ्यांना दिसली आणि मग लोक निघाले. शिवाय मागे फारोचे रथ होते. थांबणं शक्यच नव्हतं. आता त्यांच्या मुलांची पाळी आली तर देव म्हणतो, आधी पाय टाका. आणि या वेळी मागे कोणीच नाही! शिट्टीमातला तळ काही वाईट नव्हता. रोज सकाळी मान्ना मिळत होता. अजून सहा महिने तिथेच राहिले असते तरी कोणी मेलं नसतं.

मला वाटतं, आपल्या पिढीची खरी अडचण इथेच आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या मागे रथ होते. भूक होती, कर्ज होतं, सावकार होता. त्यांनी गाव सोडलं, शाळेत नाव घातलं, विश्वास धरला, कारण थांबून चालणार नव्हतं. आपल्या मागे काही लागलेलं नाही. पगार वेळेवर होतो, रूम आहे, रविवारी चर्च आहे, वायफाय आहे. अशा वेळी प्रभू काही सुचवतो तेव्हा आपण नाही म्हणत नाही. आपण म्हणतो, “प्रार्थना करतोय.”

हे वाक्य मी हलकं करत नाहीये. प्रार्थना करायलाच हवी. यहोशवानेही लोकांना आदल्या दिवशी पवित्र व्हायला सांगितलं, तीन दिवस तळ काठाशी होता. पण तीन दिवसच. तीन वर्षं नव्हे. “प्रभूची इच्छा कळू दे” म्हणत आपण जेव्हा तिसऱ्या वर्षीही तिथेच उभे असतो, तेव्हा बहुतेक वेळा इच्छा कळलेली असते. फक्त तिची किंमत परवडेल की नाही हे कळत नसतं. चिन्हं मागणं हाही त्यातलाच प्रकार. गिदोनाने लोकर पसरली, ते आपल्याला पाठ असतं. पण देवाने आधीच स्पष्ट सांगितल्यावर त्याने ती पसरली होती, हे आपण सोयीने विसरतो. देवाने त्याला सांभाळून घेतलं, ही देवाची कृपा. लोकर पसरणं ही काही पद्धत म्हणून शिकवलेली नाही.

बारा हेरांचं बघा (गणना 13). बाराही जणांनी तोच देश पाहिला, तीच शहरं, तीच उंच माणसं, दोघांनी काठीवर वाहून आणलेला तोच द्राक्षांचा घड. तटबंदी खरी होती. माणसं धिप्पाड होती हेही खरं. दहा जणांचा हिशेब चुकला तो स्वतःला मोजताना. आम्ही स्वतःच्या नजरेत टोळांसारखे होतो, असं ते म्हणाले. आणि लगेच जोडलं, त्यांनाही आम्ही तसेच वाटलो असू. समोरच्यांना काय वाटलं हे यांना कुणी सांगितलं होतं? भीती अशीच असते. ती स्वतःच प्रश्न विचारते आणि समोरच्याच्या तोंडून उत्तरही स्वतःच देते. ऑफिसमध्ये कळलं तर काय म्हणतील, घरचे काय म्हणतील, मंडळीतले काय म्हणतील.

आता सोळावं वचन. पाणी कुठे थांबलं? याजकांच्या पायाशी नाही. दूर, आदाम नावाच्या गावापाशी. अभ्यासक ते ठिकाण यरीहोच्या वरच्या अंगाला साधारण 25–30 किलोमीटरवर दाखवतात. म्हणजे आपल्या चित्रांच्या बायबलमध्ये असते तशी पाण्याची भिंत याजकांच्या शेजारी उभी राहिली नाही. त्यांना काय दिसलं असेल? पाय घोट्यापर्यंत ओले, खांद्यावर कोशाचं ओझं, आणि समोर पाणी हळूहळू उतरतंय. का उतरतंय ते दिसत नाही. काम चाललंय ते नजरेच्या पलीकडे.

सातपुड्यात राहणाऱ्याला हे चटकन कळतं. मी हे अक्कलकुव्यातून लिहितेय. पुण्यात चार वर्षं काढली, आता पुन्हा इथेच आहे. इथे पावसाळ्यात एक गोष्ट लहान पोरालाही माहीत असते. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी नाल्यावर विश्वास ठेवायचा नाही. वर मोलगीकडे, डोंगरात पाऊस झाला की दोन तासांनी खाली पाणी येतं, आणि ते येताना दिसत नाही. उभं असतो तिथे काय चाललंय यापेक्षा वर काय चाललंय त्यावर नदी ठरते. यहोशवाच्या तिसऱ्या अध्यायात नेमकं तेच घडलंय, फक्त उलट बाजूने. वर कोणीतरी पाणी धरून ठेवलंय, आणि खाली उभ्या असलेल्यांना ते अजून ठाऊक नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तरुण मुलं उत्साहात काहीही करतात आणि नंतर देवाच्या नावावर टाकतात. हा उतारा वाचून कोणी पुराच्या पाण्यात मोटारसायकल घालू नका! देवगोई घाटात पावसात ब्रेक न तपासता उतरणं हा विश्वास नाही. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी मारायला सांगितलं, तेही स्तोत्रसंहितेतलं वचन दाखवून (मत्तय 4). प्रभूने उडी मारली नाही. त्याने धोका कधीच पत्करला नाही का? पुढे यरुशलेमेकडे तोंड करून तो स्वतःहून चालत गेला आणि वधस्तंभापर्यंत गेला. मग त्या उडीत आणि या चालण्यात फरक काय? शिखरावरच्या उडीने कोणाचंच भलं होणार नव्हतं. तमाशा झाला असता, बस्स. वधस्तंभाकडे जाताना मात्र आपण सगळे त्याच्या पाठीमागे होतो.

हाच फरक यार्देनेतही आहे, पण त्याच्याकडे मी शेवटी येते. आधी आपल्या महाराष्ट्रातली एक बाई.

1896 साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. पंडिता रमाबाई तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. दुष्काळ काय असतो हे त्यांना वर्तमानपत्रातून समजायची गरज नव्हती. तरुणपणी, उपासमारीच्या दिवसांत, वडील, आई आणि मोठी बहीण अशी तिन्ही माणसं थोड्या थोड्या अंतराने त्यांच्या समोर गेली होती. भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघंच उरले आणि पायी देश फिरले. पुढे भाऊ गेला, नवरा गेला. अशा बाईला पुन्हा दुष्काळ बघायला जा, असं कोण म्हणेल? आणि ती गेली नसती तर तिला कोण नावं ठेवणार होतं?

पैशाची बाजूही बघा. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने 1887 मध्ये दहा वर्षांच्या मदतीचं वचन दिलं होतं. म्हणजे मुदत संपत आलेली. कुठलाही समंजस ट्रस्टी अशा वेळी सांगेल, आहेत तेवढ्या मुली नीट सांभाळा, नव्या घेऊ नका. रमाबाई दुष्काळी भागात गेल्या आणि मुली घेऊन आल्या. पाच-दहा नाही, शेकड्यांनी. त्यातल्या कितीतरी आजारी, हाडांचे सापळे झालेल्या. त्याच सुमाराला पुण्यात प्लेग आला, सरकारी निर्बंध आले, एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. मग केडगाव. तिथे त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती, पण ती कशासाठी? फळबाग लावून सदनाला थोडं उत्पन्न व्हावं म्हणून. राहण्यासारखी इमारत नव्हती. तंबू आणि झोपड्या. मुली आधी आल्या, भिंती नंतर चढल्या. 1898 मध्ये मुक्ती सदनाच्या बांधकामाला सुरुवात झाली, आणि 1900 च्या दुष्काळानंतर तिथे राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

मला यात सगळ्यात जास्त भावते ती फळबाग. रमाबाई बेफिकीर नव्हत्या हो. त्यांनी जमीन बघून घेतली होती, विहिरींचा विचार केला होता, पुढे विणकाम, छपाई, शेती, सगळ्याची घडी बसवली. नियोजन त्यांच्या हाडात होतं. पण नियोजन पूर्ण व्हायच्या आत मुली दारात आल्या, तेव्हा “बाग फळाला आली की या” असं त्या म्हणाल्या नाहीत.

आता दुसरी बाजू, कारण एकच बाजू सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मोठी पावलं, दोन्ही. आपल्या सभांमध्ये त्यांच्यावर भरपूर बोललं जातं. पण 1895 च्या त्या पावलाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. लहान मूल पदरात, नवरा एका धर्मात आणि त्या दुसऱ्या, नातेवाइकांच्या आधाराने काढलेले दिवस, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना माहीत आहेत. त्यांनी स्वतः ख्रिस्ताला स्वीकारलं ते 1900 मध्ये, स्वतःच्या वेळेने, स्वतःच्या विचाराने. तेव्हा भावांनो (हे जरा जास्त भावांसाठी आहे), “प्रभूने मला पाचारण केलंय” असं म्हणताना घरात अजून कोण आहे ते बघा. लूक 14 मध्ये प्रभूने बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितलंय. बायको त्या हिशेबात बसलेली असावी. वहीत लिहिलेला आकडा म्हणून नव्हे, शेजारी बसून हिशेब करणारी म्हणून.

आता इथलं सांगते.

आमच्या तालुक्यातली पुष्कळ कुटुंबं दिवाळी झाली की गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात. होळीला परत येतात. काठीच्या होळीला तर कुठूनही येतात, ते तुम्ही कधी येऊन बघा. मधले चार-साडेचार महिने काही मुलं आईबापांबरोबर फडावर जातात आणि शाळा सुटते ती सुटतेच. काही आजीकडे मागे राहतात. त्यांना दुपारी शाळेत जेवण मिळतं. संध्याकाळचं आजीच्या हातापायांवर अवलंबून. अभ्यास तर दूरच.

आमची मंडळी लहान आहे. पत्र्याची एक खोली, तीस-पस्तीस माणसं. दोन महिन्यांपूर्वी प्रार्थनेत हा विषय आला, आणि गेल्या रविवारी भक्तीनंतर सगळे बसले. ठरवायचं एवढंच होतं, जवळच्या पाड्यांवरच्या मागे राहणाऱ्या चौदा मुलांना शाळा सुटल्यावर दोन तास अभ्यासाला बसवायचं आणि खिचडी खाऊ घालून घरी पाठवायचं. हिशेबाची वही माझ्याकडे असते, म्हणून मी वाचून दाखवलं. एका मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ धरला तर महिन्याचे सव्वीस दिवस म्हणजे साडेछत्तीस किलो. डाळ साधारण पंधरा किलो. तेल, मीठ, हळद, सरपण वेगळं. आमच्याकडे आहे ते दीड महिना पुरेल. होळीपर्यंत नाही.

खोलीत शांतता पसरली. मग एकेक शंका आल्या, आणि सगळ्या रास्त होत्या. मध्येच बंद पडलं तर मुलांना तोंड कसं दाखवायचं? मंडळी मुलांना जेवू घालते म्हटल्यावर गावात लोक काय अर्थ काढतील? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही, काळ कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. एक भाऊ म्हणाले, यंदा पैसे साठवू, पुढच्या वर्षी पक्कं करू. कोणालाच ते चुकीचं वाटलं नाही.

मागे भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. त्यांचा मुलगा-सून दरवर्षी तोडीला जातात, दोन नातवंडं त्यांच्याकडे असतात. त्या सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “दीड महिना तर खातील ना?”

एवढंच. त्यांनी वचन वगैरे काही सांगितलं नाही.

मग बोलण्याचा रोखच बदलला. बंद पडलं तर काय, यावरून सुरू कसं करायचं यावर आलो. आईबाप जायच्या आधी प्रत्येक घरी जाऊन त्यांना विचारायचं, आणि ते हो म्हणाले तरच मूल घ्यायचं. मुलं रात्री आजीकडेच राहतील. अभ्यासाच्या वेळेत अभ्यासच होईल. प्रार्थनेला बसायची कुणावर सक्ती नाही, आणि खिचडी तर कुठल्याच अटीवर नाही. शाळेच्या गुरुजींना आणि सरपंचांना आधी भेटून सगळं सांगायचं, दार उघडं ठेवायचं, कोणीही येऊन बघावं. ज्या भावांनी पुढच्या वर्षीचं सुचवलं होतं, त्यांनीच मोठं पातेलं देतो म्हणून सांगितलं.

दिवाळीनंतरच्या सोमवारी सुरू करतोय. दीड महिन्यानंतरचे तांदूळ आज आमच्याकडे नाहीत. हे लिहिताना मला पोटात कसंतरी होतंय, ते लपवत नाही. वही माझ्याच हातात आहे, आणि शेवटच्या पानावरचा आकडा रोज रात्री आठवतो. पण याजकांनाही पाण्यात पाय घालताना काही कोरडं वाटलं नसणार. भीती गेली आणि मग ते निघाले, असं कुठे लिहिलंय? फक्त ते निघाले, एवढं लिहिलंय.

आणि आता सतरावं वचन. आपण बहुतेकदा सोळाव्यालाच थांबतो, कारण चमत्कार तिथे संपतो. पाणी थांबल्यावर याजक काय करतात? पहिले पलीकडे जात नाहीत. नदीच्या मधोमध उभे राहतात. कोश खांद्यावर, पात्र कोरडं, आणि वर कुठेतरी अख्खी यार्देन अडून राहिलेली. सगळे लोक पार होईपर्यंत ते तिथेच. म्हाताऱ्या बायका, पोरंबाळं, गुरंढोरं, ज्यांचं पाऊल हळू पडतं ते सगळे. शेवटचा माणूस पलीकडे पोचल्यावरच याजक बाहेर येतात. सगळ्यात जास्त वेळ धोक्यात तेच होते. पाय आधी त्यांचे ओले झाले, आणि काठाला शेवटी तेच लागले.

मघाशी म्हटलं तो फरक हाच. मागे कोणी चालत येतंय का? नोकरी बदलायची असो, लग्नाचं घरी सांगायचं असो, चर्चमधली अवघड जबाबदारी घ्यायची असो, गावी परत जायचं असो, की ऑफिसमधल्या त्या एकट्या पडलेल्या मुलीशेजारी डबा घेऊन बसायचं असो. तुम्ही पाण्यात उभे राहिलात तर कोण पार होणार आहे? कोणी डोळ्यांसमोर येत नसेल तर अजून थोडं थांबा, विचार करा, वडीलधाऱ्यांशी बोला. कदाचित ती शिखरावरची उडी असेल. पण एखादा चेहरा येत असेल, आणि तो चेहरा प्रार्थनेत पुन्हा पुन्हा येत असेल, तर मित्रांनो, तुम्ही कोणत्या चिन्हाची वाट बघताय?

इनबॉक्समध्ये पुष्कळ जण विचारतात, ताई, माझं पाऊल चुकलं तर? पेत्राचं चुकलंच होतं की. वारा बघून घाबरला, बुडायला लागला (मत्तय 14). प्रभूने आधी हात धरला, आणि मग रागावला. तोही क्रम लक्षात ठेवा. आणि त्या रात्री तारवात बसून राहिलेले अकरा जण कोरडे होते. पाण्यावर प्रभूचा हात हातात घेऊन चालणं मात्र एकट्या पेत्रालाच माहीत झालं.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आज जे काठावर उभे आहेत त्यांना तू नावाने ओळखतोस. ज्यांनी पाय टाकलाय आणि पाणी अजून उतरलेलं नाही, त्यांच्या जवळ उभा राहा. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांना रस्त्यात सांभाळ, मागे राहिलेल्या लेकरांना सांभाळ, त्यांच्या आजींच्या गुडघ्यांना बळ दे. आणि जानेवारीच्या तांदळाचं तूच बघ. तुझ्याच नावात मागतो. आमेन.

उद्याचे वाचन : यहोशवा 4:1–9. नदीच्या पात्रातून खांद्यावर आणलेले बारा धोंडे. वाचून या, उद्या बोलू.